परदेशी संशोधकाला पहिली मेल लिहिताना

व्यवस्थापन आणि अध्यात्म या विषयावर परदेशात सहलेखक हवा असेल, तर ‘आपल्यासोबत काम करायची इच्छा आहे’ अशी मेल पाठवू नका. तिला उत्तर येत नाही. आपल्याकडचं काहीतरी पुढे ठेवा. उदाहरणार्थ वारी: माउलींच्या पालखीच्या तळावर समाजआरतीआधी चोपदार दंड उंचावतात, टाळ थांबतात, पण ज्या दिंडीची तक्रार असते, ती टाळ वाजवतच राहते आणि मग चोपदार तिचं म्हणणं ऐकतात. तक्रार निवारणाची ही रीत एका परिच्छेदात मांडा, सोबत दोन-तीन मुलाखतींचे उतारे जोडा. समोरचा माणूस प्रश्न विचारतो की नाही बघा!

माणसं शोधायला ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट’ या व्यवस्थापन अभ्यासकांच्या संघटनेचा अध्यात्म-धर्म गट बरा, अधिवेशन जुलै-ऑगस्टच्या सुमारास, पण निबंध जानेवारीतच द्यावे लागतात. याच विषयाचं ‘जर्नल ऑफ मॅनेजमेंट, स्पिरिच्युअ‍ॅलिटी अँड रिलिजन’ हे नियतकालिक 2004 पासून निघतं, त्याचे ताजे अंक चाळा.

लेखकांची नावं कोणत्या क्रमाने, हे पहिल्याच कॉलवर ठरवा. संकोच वाटतो, मलाही वाटायचा. आणि इंग्रजीत लिहिताना ‘सेवा’ला ‘सर्व्हिस’ करून मोकळे होऊ नका. शब्द तसाच ठेवून अर्थ उलगडा.