संतभक्ती चर्चमध्ये आली कुठून? शोधायचं असेल तर थडग्यापासून सुरू करा

बरेच जण हा विषय पोपपासून वाचायला घेतात आणि मग गोंधळतात, कारण पोपने संत जाहीर करणं हा फार उशिराचा भाग आहे. काही जण सरळ म्हणून टाकतात की रोमन देव हलवले नि तिथे संत बसवले. मला हे दोन्ही पटत नाही. आधी थडगी बघा.

सगळ्यात पहिलं वाचा ते पॉलिकार्पच्या मरणाबद्दलचं पत्र. स्मर्ना म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझमीर, तिथला हा म्हातारा बिशप, इ.स. 155 च्या आसपास त्याला मारलं आणि देह जाळला. तिथली मंडळी लिहितात की आम्ही त्याची हाडं गोळा केली, ती आम्हाला हिऱ्यामाणकांपेक्षा मोलाची, चांगल्या जागी ठेवली आणि त्याच्या मरणाचा दिवस जन्मदिवस म्हणून पाळायला तिथे जमू. त्याच पत्रात अजून एक वाक्य आहे ते सोडू नका: आराधना ख्रिस्ताची, रक्तसाक्षींवर (म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांवर) मात्र त्याचे शिष्य म्हणून प्रेम. पुढे 787 मध्ये निकेयाच्या आणि 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत चर्चने संतांबद्दल जे मांडलं त्याच्या मुळाशी हाच फरक आहे.

मग रोमला या. कायद्याने शहरात पुरायला बंदी, म्हणून कबरी वेशीबाहेर, आप्पियन रस्त्याला. तिथल्या सान सेबास्तियानोच्या भुयारांचे फोटो नेटवर मिळतात, ते झूम करून बघा. तिसऱ्या शतकात लोक तिथे जेवायला बसायचे आणि भिंतीवर ओरखडून येशूच्या प्रेषितांना लिहायचे, पेत्र, पौल, अमक्यासाठी विनंती करा. वेडीवाकडी अक्षरं, साध्या माणसांची. आपण आजही नमो मारिया या मरियेच्या प्रार्थनेत "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर" म्हणतो ना, मागणं तेच आहे, आणि ते कुणा बिशपने वरून लादलेलं नाही.

उलट बिशप लोकांना आवरत होते. पुढे मोठा बिशप आणि लेखक झालेल्या ऑगस्टिनची आई मोनिका मिलानला रक्तसाक्षींच्या कबरींवर लापशी, भाकरी, द्राक्षारस घेऊन गेली तर दारवानाने अडवलं, बिशप अंब्रोजची मनाई होती कारण लोक तिथे दारू प्यायचे आणि ते रोमन पितरांच्या सणासारखं दिसायचं. तिने मुकाट्याने ऐकलं. पण त्याच अंब्रोजने 386 मध्ये गेर्वासियुस आणि प्रोतासियुस या रक्तसाक्षींची हाडं आपल्या नव्या चर्चच्या वेदीखाली ठेवली, म्हणजे भक्ती बंद नाही केली, कबरीवरून मिस्साकडे, म्हणजे चर्चमधल्या वेदीवरच्या उपासनेकडे वळवली. माझ्या मते सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण, इथे सावकाश वाचा.

पुढचं भरभर वाचलं तरी चालतं: ख्रिस्ती लोकांचा रोमन छळ थांबल्यावर फ्रान्समधल्या तूरचा बिशप मार्टिन (मृत्यू 397) असे रक्तसाक्षी नसलेलेही संत मानले जाऊ लागले, 993 मध्ये पोपने ऑग्सबर्गच्या उलरिकला संत जाहीर केलं, नोंदीत सापडणारं हे पहिलंच, आणि 1234 पासून हा अधिकार फक्त पोपकडे.

आता आपल्या जवळचा संत घेऊन हेच करून बघा: मरण कुठे, अवशेष कुठे, लोक आठवण कधीपासून ठेवतात, आणि रोमने मान्यता कधी दिली. उदाहरणार्थ वसईचा गोन्सालो गार्सिया, 1597 ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला, 1627 ला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी), आणि संतपद थेट 1862 ला. पॉलिकार्पसाठी कोणी कुठल्या जाहीरनाम्याची वाट बघितली नव्हती.