हॉस्टेलचं सामान: आधी वजन करा, मग तिकीट काढा

जून-जुलै आला की बेळगाव स्टेशनवर ट्रंका, बादल्या आणि गाद्यांच्या वळकट्या दिसू लागतात. खानापूर-निपाणीकडून बेंगळुरूला मुलं धाडताना कित्येक पालक थेट टेम्पो ठरवतात. तेवढा खर्च नकोच.

रेल्वेत स्लीपरच्या एका तिकिटावर 40 किलो सामान मोफत नेता येतं, जनरलच्या तिकिटावर 35 किलो. म्हणजे पहिल्या दिवशी आई किंवा बाबा सोबत गेले, की स्लीपरनं दोघांचं मिळून 80 किलो! राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीतून बेंगळुरूला पोचवते. निघण्याआधी किराणा दुकानातल्या काट्यावर प्रत्येक डाग मोजा, खडूनं वर आकडा लिहा. जास्त भरलं तर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गाडीच्या बऱ्याच आधी जाऊन बुक करा. तसंच चढलात तर दंड बसतो.

गादी मात्र नेऊ नका. वजन कमी, पण जागा फार अडवते. तिथंच घ्या, किंवा हॉस्टेल सोडणाऱ्या सीनियरची मागा.

धारवाडला शिकणाऱ्या मुलींसाठी एसटीच बरी. 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या बसमध्ये, राज्याच्या हद्दीत, राज्यातल्या महिलांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत. ओळखपत्र हाताशी ठेवा. दर शनिवारी घरी आलं, की परत जाताना थोडं-थोडं सामान न्यायचं: आज स्वेटर, पुढच्या वेळी पुस्तकं. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तेवढा घट्ट झाकणाचा घ्या, नाहीतर चादरीवरचं तेल काही केल्या निघत नाही.