मुलांकडे परदेशात गेल्यावर घरात गोम दिसली तर

परवा पहाटे कट्ट्यावरच्या एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. लेकीकडे न्यू जर्सीला जाऊन तिला आठच दिवस झालेत. "अगं, बाथटबमध्ये गोम आहे. इतके पाय मी जन्मात पाहिले नाहीत. घरात कोणी नाही, काय करू?"

शिवाजी पार्कच्या आमच्या कट्ट्यावरून दर एप्रिलमध्ये दोघी-तिघी मुलांकडे निघतात. मी न्यू जर्सीतल्याच एडिसनला दोनदा पाच-पाच महिने राहून आले. मेतकूट किती न्यायचं हे सगळे सांगतात, किड्यांचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

आधी त्या गोमेचं. ही आपल्याकडच्या गोमेपेक्षा वेगळी. अंग इंच-सव्वा इंचाचं, पण पायांच्या पंधरा जोड्या, केसासारखे लांब. भिंतीवरून सर्रकन पळते तेव्हा काळजात धस्स होतं, हे मला मान्य आहे. गोम कानात जाते असं ऐकत आपण मोठ्या झालो. ही मात्र घरात येते ती झुरळं, कोळी आणि पुस्तकांतली कसर खायला. माणसाला सहसा चावत नाही. टबमधल्या भोकातूनही ती येत नाही. पाण्याच्या शोधात आत पडते आणि गुळगुळीत कडेवरून तिला वर चढता येत नाही.

मैत्रिणीला सांगितलं, चप्पल राहू दे. काचेचा मोठा ग्लास तिच्यावर उपडा घाल, खालून जाड कार्ड हळूच सरकव आणि तसंच दाराबाहेर नेऊन सोड. काठाखाली एखादा पाय सापडला तर तो तुटतो आणि थोडा वेळ एकटाच वळवळत राहतो. ते बघून ग्लास हातातून सोडू नकोस. रोज दिसायला लागली तर मात्र घरात ओल आहे असं समजा. बेसमेंटमध्ये डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणली की त्या आपोआप कमी होतात.

खरी भीती बाळगायची ती गोचिडीची. आपण गोचीड पाहिलेली असते गाईच्या नाहीतर कुत्र्याच्या कानात, टम्म फुगलेली. तिथल्या हरणांवरच्या गोचिडींची पिल्लं असतात खसखशीच्या दाण्याएवढी. जूनमध्ये नातवाला घेऊन घरामागच्या गवतात बसले होते. रात्री पाय चेपताना गुडघ्याच्या मागे काहीतरी बारीक खरखरीत लागलं. तीळ म्हणून सोडूनच देणार होते, पण चष्मा लावून पाहिलं तर तिळाला पाय होते.

अशा वेळी तेल, चुना, जळती काडी यातलं काही करू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. मग साबणाने धुवा. तारीख लिहून ठेवा. लाइम हा तिच्यामुळे होणारा आजार सहसा ती चोवीस तासांहून जास्त चिकटून राहिली तरच होतो, म्हणून गवतातून आल्यावर त्याच दिवशी आंघोळ करायची आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागे, केसांत हात फिरवून बघायचं. पुढच्या महिनाभरात लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जायचंच. इन्शुरन्सच्या खर्चाला घाबरून आई-वडील मुलांना सांगत नाहीत, हे मी पाहिलंय. कृपा करून सांगा. वेळेत गोळ्या घेतल्या तर लाइम सहसा पूर्ण बरा होतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खिडकीपाशी ढालीच्या आकाराचे करडे किडे जमतात. त्यांना स्टिंक बग म्हणतात. मूळचे पूर्व आशियातले. चावत नाहीत, पण चिरडले तर उग्र वास सुटतो, मला तो सडक्या कोथिंबिरीसारखा वाटला. साबणाच्या पाण्याच्या वाटीत ढकलायचे, संपलं.

इथून झुरळांचा खडू नेऊ नका. अमेरिकेत तसला खडू विकायला बंदी आहे, आणि रांगती नातवंडं बोटं तोंडात घालतात. डांबराच्या गोळ्याही कपाटात मोकळ्या टाकायच्या नाहीत, घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवायच्या. किडा ओळखू येत नसेल तर तो पारदर्शक डबीत धरून ठेवा. न्यू जर्सीत रट्गर्स विद्यापीठाची विस्तार कार्यालयं, म्हणजे लोकांना सल्ला देणारी केंद्रं, प्रत्येक काउंटीत (तिथल्या जिल्ह्यात) आहेत, तिथे विचारता येतं.

राहिले ढेकूण. गिरगावात आमच्या चाळीत दर मे महिन्यात खाटा गॅलरीत यायच्या आणि आजी सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. तिचं बरोबर होतं, ढेकणाला उष्णता सोसत नाही. तिथे ते काम ड्रायर करतो: कपडे सर्वात गरम सेटिंगवर अर्धा तास. हॉटेलात उतरलात तर बॅग पलंगावर ठेवू नका. आधी गादीच्या शिवणी टॉर्च मारून बघा, काळे ठिपके दिसले तर खोली बदलून मागा. आणि मुंबईला परतल्यावर बॅग थेट बेडरूममध्ये नेऊ नका. गॅलरीत उघडा, शिवणी, चेन, चाकांची खाच तपासा आणि कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवायला टाका. रेशमी साड्या तेवढ्या वेगळ्या काढा, त्या गरम पाण्यात जात नाहीत. त्या एकेक उलगडून, काठ-पदर उजेडात धरून बघायच्या.