सीईटीच्या पर्सेंटाइलवर कॉलेज लागन का?
पोट्टं सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, ९० पर्सेंटाइल (शंभरातली ९० पोरं आपल्या मागं) घेऊन येते अन् बाप गावभर विचारत फिरते, भाऊ इंजिनिअरिंगचं सरकारी कॉलेज लागन का. त्यापेक्षा हे करा.

१. सीईटी सेलच्या (ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी ऑफिसच्या) साइटवरून मागच्या वर्षीच्या कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीच्या, कटऑफ पीडीएफ उतरवा, पहिल्या अन् शेवटच्या राउंडची दोन्ही.

२. त्यात आपल्या सीटचा कोड शोधा. सुरुवातीला जी म्हणजे जनरल सीट (पोरगा-पोरगी दोघांसाठी), एल म्हणजे मुलींची सीट, शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठात, तिथलीच पोरं), ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची, एस म्हणजे स्टेट लेव्हल, साऱ्या राज्यासाठी. अमरावती विद्यापीठातल्या पोरानं नागपूरच्या कॉलेजचा एच कटऑफ पाहून खुश व्हायचं नाही, लय जण इथंच फसतात.

३. कोडखाली कंसात पर्सेंटाइल, वर मेरिट नंबर (राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर). आपला नंबरच त्याच्याशी जुळवा.

नागपूरचं व्हीएनआयटी (केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज) यात शोधू नका, ते जेईई मेनवर, म्हणजे देशपातळीच्या प्रवेश परीक्षेवर, भरते.