काचेच्या दरवाज्याखालून पाणी बाहेर येऊन रायलं का? रबर पट्टी सगळ्यात शेवटी आणा

आता आपल्याकडच्या गावातल्या नव्या घरांमधेपण बिगर फ्रेमचा काचेचा दरवाजा दिसायला लागला, दोन कब्ज्यांवर लटकलेला, दिसायला एकदम भारी, आणि त्याच्या मागोमाग तक्रारपण सुरू झाली की आंग धुवून बाहेर आलं की पुढच्या फरशीवर निरा पाणीच पाणी. मंग होतं काय, माणूस तालुक्याला जातो, काचवाल्याकडून रबराची पट्टी आणतो, दरवाज्याच्या खाली घुसवतो, आठ-पंधरा दिवस बरं चालते आणि पुन्हा तेच. पट्टी खराब नसते भाऊ. पाणी कुठून आणि काहून येऊन रायलं हेच पाहिलं नसते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. दरवाज्याखाली फट असतेच, साधारण ८ ते १० मिलीमीटर, ती मिस्त्रीने मुद्दाम सोडलेली असते कारण काच फरशीला घासली तर कोपरा फुटते, आणि ही टफन काच (तापवून मजबूत केलेली) असते, कोपरा फुटला म्हणजे पूर्ण दरवाजाच बारीक बारीक तुकडे होऊन खाली. टफन झाल्यावर ती काच घासून-कापून लहान करता येत नाही का तिला नवीन छिद्र पाडता येत नाही, त्यामुळे "उलीशी घासून बसवू" असं कोणी म्हणत असेल तर त्याला हात लावू देऊ नका. म्हणून इथे पाणी पूर्ण अडवायचं नसतं, ते आतच परत वळवून जाळीकडे पाठवायचं असतं. दोन-चार थेंब बाहेर आले तर ते बिगर फ्रेमच्या दरवाज्यात चालतेच, त्यासाठी डोकं खपवू नका.

आता तपासणी. बाथरूम पूर्ण कोरडं करा, दरवाज्याच्या बाहेर फरशीवर जुने पेपर अंथरा, एकावर एक न टाकता शेजारी शेजारी, म्हणजे कोणता भाग ओला झाला ते लगेच दिसते. दरवाजा लावा. एकाला आत उभं करा आणि एक एक जागा वेगवेगळी तपासा, सगळं एकदम नाही. पहिलं, लोट्याने हळूच आतल्या फरशीवर पाणी टाका, दरवाज्यापासून हातभर आत, काचेला लागू न देता. पेपर भिजला तर भानगड फरशीची आहे, काचेची नाही. दुसरं, पेपर बदलून काचेवर आतून मधोमध पाणी सोडा, ते काचेवरून ओघळत खाली येईल, आता मधे भिजला तर खालची पट्टी गेली. तिसरं, कब्ज्याच्या बाजूला आणि मुठीच्या बाजूला वेगवेगळं पाणी सोडा. शेवटी शॉवर सुरू करा आणि आत कोणीतरी खरोखर उभं राहा, कारण रिकाम्या शॉवरचं पाणी सरळ खाली पडते पण अंगावर पडलेलं पाणी उडून कुठेही जाते, खांद्यावरून उडून थेट दरवाज्याच्या फटीत. ही सगळी तपासणी अर्ध्या तासाच्या आत होते आणि हिच्यावरच पुढचा खर्च ठरते, म्हणून कंटाळा करू नका.

आपल्या गावाकडे अजून एक गोष्ट असते जी शहरातला काचवाला धरतच नाही. तो दरवाजा शॉवरसाठी बसवून देते आणि आपण आतमधे स्टुलावर बसून बादली-लोट्याने आंग धुतो, त्यातही थंडीत तर शॉवरला कोणी हात लावत नाही. लोट्याचं पाणी एकदम भसकन फरशीवर पडते आणि लाटेसारखं दरवाज्याकडे जाते, ते कोणतीच रबर पट्टी थांबवू शकत नाही. बादली आणि स्टूल दरवाज्यापासून लांबच्या भिंतीकडे, जाळीच्या जवळ सरकवा, आणि दरवाज्याकडे पाठ नाही तर तोंड करून बसा म्हणजे पाणी मागे भिंतीकडे जाते. काही घरात एवढ्यानेच निम्मं काम झालेलं पाहिलं, पैसे शून्य.

शॉवरचंपण तसंच. त्याच्या मानेत गोळा असते, तो फिरवून तोंड समोरच्या भिंतीकडे करा, दरवाज्याकडे कधीच नको. स्लॅबवरच्या टाकीचं पाणी दोन-तीन मीटर उंचीवरून येते, त्याला फारसा जोर नसते (दहा मीटर उंची झाली तेव्हा कुठे एक बार प्रेशर भेटते), पण आजकाल लोक प्रेशर पंप लावून रायले, मंग तोच शॉवर काचेवर सपासप मारते आणि फटीफटीतून बाहेर येते. पंप लावल्यावरच गळायला लागलं असेल तर उत्तर तिथंच आहे, शॉवरचा कॉक उलीसा दाबून पाहा.

आता उतार. हा सगळ्यात मोठा विषय आहे आणि सगळ्यात जास्त इथंच चुकते. जाळीकडे मीटरमागे एक ते दोन सेंटीमीटर तरी उतार पाहिजे, आणि दरवाज्याच्या खालची फरशी बाथरूममधली सगळ्यात उंच पाहिजे. पोट्ट्याचा एक कंचा घ्या, दरवाज्याच्या आत चार-पाच ठिकाणी ठेवून पाहा कुठे घरंगळते. दरवाज्याकडे आला किंवा तिथंच थांबला तर उतार उलटा किंवा सपाट आहे. मोठ्या टाइल्स असतील तर एकाच टाइलवर ठेवून नका पाहू, जोडावर मागेपुढे ठेवा, कारण दोन टाइल्सच्या मधे खळगा असला की पाणी तिथे साचते आणि मंग सावकाश बाहेर निघते. मिस्त्री असेल तर पारदर्शक लेव्हल पाइपात पाणी भरून दोन्ही टोकं मोजून घ्या, ते बिनचूक असते.

उतार चुकला असेल तर खरा इलाज एकच, दरवाज्याजवळच्या एक-दोन ओळी टाइल्स काढून पुन्हा बसवणे. घर बांधतानाच्या उरलेल्या चार टाइल्स म्हणून ठेवाव्या, नाही तर तो रंग नंतर भेटत नाही. टाइल्स उचकटताना काचेला गादी किंवा चार घडी केलेलं पोतं बांधा, छिन्नीचा एक तुकडा काचेच्या कडेला लागला तर दरवाजा गेलाच समजा.

आता दरवाजा लटकला का ते पाहू. ८ मिलीमीटरची काच म्हणजे एका चौरस मीटरला २० किलो, १० ची असली तर २५ किलो. म्हणजे अडीच फुटाच्या आतला, साडेसहा फूट उंच, १० मिलीमीटरचा दरवाजा ३५ किलोच्या आसपास जाते. एवढं वजन दोन कब्ज्यांवर! पुठ्ठ्याचे तुकडे घडी करून फटीत सरकवा, कब्ज्याकडे, मधे आणि मुठीकडे. कब्ज्याकडे फट मोठी आणि मुठीकडे लहान असली तर दरवाजा खाली झुकला. मंग पट्टी एकीकडे घासते आणि दुसरीकडे हवेत लोंबते.

आणि इथं आपल्या काळ्या मातीचा संबंध येते. कपाशीची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, वावरात आपण दरवर्षी पाहतोच, तेच घराच्या पायाखाली होते. पाया उथळ असला की भिंत थोडी इकडेतिकडे होते, भिंतीला तिरक्या भेगा दिसतात, आणि भिंतीवर बसलेल्या कब्ज्यासोबत दरवाजाही फिरते. मे महिन्यात बरोबर बसलेला दरवाजा ऑगस्टमधे घासायला लागला तर काचवाल्याला शिव्या देण्याआधी भिंतीला ओळंबा लावून पाहा. आणि म्हणूनच पट्टी कापताना एकदम घट्ट मापाने कापू नका, दोन्ही मोसमात तिला जागा राहिली पाहिजे.

कब्जा सरळ करायचा असेल तर एकट्याने करू नका. दोन माणसं, पायात चप्पल, पोट्टे बाहेर. मुठीकडच्या कोपऱ्याखाली लाकडी पाचर लावून वजन तिच्यावर घ्या, काचेखाली रबर किंवा पुठ्ठा ठेवूनच. मंग एकावेळी एकच कब्जा एलन चावीने (सहा कोनी चावी) उलीसा ढिला करा, पूर्ण नाही, दोन-तीन मिलीमीटर दरवाजा वर घ्या, आवळा, मंग दुसरा. कब्ज्यात काच आणि धातूच्या मधे पातळ गॅस्केट (मऊ गादीसारखी पट्टी) असते, ती सरकली किंवा फाटली असेल तर आधी ती बदला, धातू थेट काचेला लागला म्हणजे काच कधी फुटेल सांगता येत नाही. भिंतीतले स्क्रूच गोल गोल फिरत असतील तर आवळत बसू नका, टाइलच्या मागे पोकळ आहे किंवा वीट ठिसूळ आहे, तिथे नवीन अँकर (भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) लागेल, ते चांगल्या मिस्त्रीचं काम.

एवढं झाल्यावर आता आणा पट्टी. काही शे रुपयात भेटते पण माप न घेता जाऊ नका, काच ८ ची आहे का १० का १२ ची, हे पाहिजेच, कारण १० ची पट्टी ८ च्या काचेवर ढिली बसते आणि रोज खाली घसरते. सोबत फटीची उंचीपण मोजा. चांगल्या पट्टीला दोन पात्या असतात, एक सरळ खाली लोंबणारी मऊ, जी फरशीला उलीसी टेकते, आणि दुसरी तिरकी, काचेवरून ओघळलेलं पाणी आत ढकलणारी. ही तिरकी पाती आतल्या बाजूला पाहिजे. उलटी बसवलेली पट्टी पाणी स्वतःहून बाहेर नेऊन सोडते, आणि उलटी बसवलेली पाहायला लय भेटते. दरवाजा आत-बाहेर दोन्हीकडे उघडत असेल तर कडक तिरकी पाती चालत नाही, नुसती मऊ पातीवाली घ्या.

गुंडाळी होऊन आलेली पट्टी वाकडी असते, कोमट पाण्यात टाका किंवा उन्हात सरळ ठेवा, नरम होते. जुनी ओढून काढा, काचेची कड स्पिरीटने पुसा, नवीन पट्टी दरवाज्याच्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलीमीटर कमी, बारीक दाताच्या हॅक्सॉ ब्लेडने कापा. साबणाचं पाणी लावून एका टोकाकडून दाबत जा. दरवाजा उघडझाप करून पाहा, पाती फरशीवर टेकली पाहिजे, रगडली नाही पाहिजे.

मधे सुकं आणि कोपऱ्यात ओलं असेल तर लक्ष कोपऱ्यावर द्या, कारण मुठीकडची उभी पट्टी आणि खालची आडवी पट्टी जिथे भेटते तिथेच जास्त पाणी निसटते. उभी पट्टी वर थांबली आणि आडवी आखूड पडली की बोटभर भोक राहते. उभी पट्टी आधी पूर्ण खालपर्यंत आणा, आडवी तिला येऊन टेकू द्या.

उतार जवळपास सपाट असेल, टाइल्स काढायच्या नसतील, तर दरवाज्याखाली उंबरठ्यासारखी बारीक पट्टी चिकटवता येते, ॲक्रिलिकची, ॲल्युमिनियमची किंवा ग्रॅनाइटची. दरवाजा फक्त बाहेर उघडत असेल तर ती दरवाज्याच्या अगदी आतल्या बाजूला लावा म्हणजे खालचं रबर तिच्या अंगाला टेकून बसते. दोन्ही टोकं भिंतीला आणि बाजूच्या स्थिर (न उघडणाऱ्या) काचेला सिलिकॉनने, म्हणजे फट बुजवायच्या रबरासारख्या गमने, बंद झाली पाहिजे, नाही तर पाणी बरोबर टोकातून निघते. पण उतार साफच उलटा असेल तर ही पट्टी लावून आत फक्त डबकं तयार होईल.

सिलिकॉन घेताना न्यूट्रल आणि बाथरूमसाठीचं, बुरशी न येणारं मागा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येते ते कोटा, कडप्पा, मार्बलवर डाग पाडते आणि काही धातूंना खाते. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवीन लावू नका, त्याच्यावर नवीन चिकटतच नाही. दोन्हीकडून मास्किंग टेप, पाच-सहा मिलीमीटरची सलग रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा, टेप ओलं असतानाच ओढा. स्थिर काच चॅनलमधे (धातूच्या खाचेच्या पट्टीत) बसली असेल तर सिलिकॉन बाहेरच्या बाजूने सलग लावा, आतून उलीसी वाट राहिली तर चॅनलमधे गेलेलं पाणी परत आत येते.

मंग २४ तास आंग धुणं दुसरीकडे. लोकांना वाटते उन्हाळ्यात लवकर सुकेल, इथं उलटं आहे, सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकते आणि मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी खंक असते, वरून सुकलेलं दिसते पण आतून कच्चं. तेव्हा दोन दिवस द्या.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णा खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या लोकांनी आणि बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी एक करावं, आंघोळ झाली की काचेवर वायपर मारून खालची पट्टी कापडाने पुसून घ्यावी. पांढरा थर बसला की पाती कडक होते, फरशीला टेकतच नाही. थर आला असेल तर व्हिनेगरमधे तेवढंच पाणी घालून कापडाने पुसा, पण मार्बल-कोट्यावर सांडू देऊ नका. बाथरूम धुवायचं ॲसिड कब्ज्यांवर अजिबात नको. आणि पट्टी पिवळी पडून कडक झाली की बदलायचीच, ती कायमची नसते.

हे सगळं करूनही बाहेरची फरशी ओली दिसत असेल तर एक रात्र बाथरूम बंद ठेवा, कोणी वापरू नका. सकाळी तरी ओल असेल किंवा मागच्या भिंतीचा रंग सुटत असेल तर तो दरवाजा नाही, भिंतीतला पाइप किंवा टाइलखालचं वॉटरप्रूफिंग गेलं, आणि तिथे काचवाला नाही, प्लंबर बोलवा, लाइन बंद करून प्रेशर चेक करायला लावा.