हीट एक्स्चेंजरचे आकारमान आणि किंमत: सॉफ्टवेअर उघडण्याआधी

इथे शेल-अँड-ट्यूब हीट एक्स्चेंजर गृहीत आहे: एक द्रव ट्यूबच्या आतून, दुसरा ट्यूबभोवतीच्या शेलमधून (मोठ्या नळकांड्यातून) वाहतो आणि ट्यूबच्या भिंतीतून उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आधी या दोन्ही प्रवाहांची माहिती एका कागदावर आणा: ताशी प्रवाह, आत-बाहेरचे तापमान, दाब, घनता, विशिष्ट उष्णता, उष्णतावाहकता आणि स्निग्धता. स्निग्धतेचा एकच आकडा पुरत नाही. 90 अंशांवर पातळ असलेले तेल 50 वर घट्ट होते आणि ट्यूबच्या थंड भिंतीलगत त्याहूनही घट्ट. कूलिंग टॉवरच्या पाण्याचे तापमान ऐन उन्हाळ्यातले घ्या, वर्षाची सरासरी नको. हे पाणी 45-50 अंशांपुढे तापू दिले की क्षार बसू लागतात.

मग कॅल्क्युलेटरवर एकदा ढोबळ हिशेब करा. ताशी 20,000 किलो हलके तेल (विशिष्ट उष्णता 2.2 किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन) 90 वरून 50 अंशांवर आणायचे, तर उष्णताभार 489 किलोवॅट. पाणी 30 वरून 40 वर न्यायचे, म्हणजे सेकंदाला 11.7 किलो लागेल. लॉग-मीन तापमानफरक (दोन्ही टोकांच्या तापमानफरकांची लॉगरिदमिक सरासरी) 32.7 अंश, दुरुस्ती गुणक (प्रवाह पूर्णपणे उलट दिशांनी नसल्यामुळे होणारी घट) 0.93. हा गुणक 0.8 च्या खाली गेला, तर एका शेलऐवजी दोन शेल एकामागोमाग जोडण्याचा विचार करा. एकूण उष्णतांतरण गुणांक 350 वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन धरला, की क्षेत्रफळ येते सुमारे 46 चौरस मीटर. सॉफ्टवेअरने 20 किंवा 120 दिले, तर चूक बहुधा एककात असते.

या 350 मध्ये फाउलिंग (ट्यूबवर बसणाऱ्या गाळाचा उष्णतेला होणारा अडथळा) धरले आहे का, ते तपासा. दोन्ही बाजूंना प्रत्येकी 0.000176 चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट धरले, तर स्वच्छ ट्यूबचा गुणांक 400 च्या आसपास असतो. म्हणजे क्षेत्रफळात 14 टक्के वाढ आधीच घेतलेली आहे. त्यावर 'असू द्या' म्हणून आणखी 25 टक्के चढवली, तर ट्यूब वाढतात, वेग एक पंचमांशाने पडतो आणि ज्या गाळाच्या भीतीने जागा वाढवली तोच गाळ लवकर बसतो.

वेग इथेच पाहून घ्यावा. ट्यूब 19.05 मिमी बाह्यव्यासाची, भिंत 2.11 मिमी, लांबी 4.88 मीटर घेतली, तर 160 नग पुरतात. पाणी ट्यूबमधून जाऊ द्या, कारण ट्यूब ब्रश घालून साफ होते. दोन पासमध्ये (म्हणजे पाणी एक्स्चेंजरची लांबी दोनदा पार करते तेव्हा) वेग 0.85 मीटर प्रति सेकंद येतो, जो कमी आहे. चार पास केले की 1.7 होतो, ठीक. पण वेगही दुप्पट आणि वाटही दुप्पट, त्यामुळे ट्यूबमधला दाबऱ्हास सात-आठ पट होतो. पंप तेवढा दाब देऊ शकतो का, हे आधी विचारा. शेलच्या बाजूला बॅफलचे (ट्यूबना आधार देणाऱ्या आणि प्रवाह वळवणाऱ्या आडव्या तबकड्यांचे) अंतर शेलव्यासाच्या पाचव्या हिश्श्यापासून पूर्ण व्यासापर्यंत ठेवावे. आधाराशिवायचा टप्पा लांबला की ट्यूब थरथरतात आणि बॅफलच्या भोकाशी झिजून फुटतात. शेलबाजूही घासून साफ करायची असेल, तर चौकोनी पिच (ट्यूबची मांडणी) घ्या. त्रिकोणी पिचमध्ये ट्यूब जास्त बसतात, पण ब्रश जात नाही.

धातू ठरवताना पाण्यातले क्लोराइड मोजून घ्या. भिंत 60 अंशांच्या वर असेल, तर 304 आणि 316 स्टेनलेस स्टीलला क्लोराइड आणि ताणामुळे तडे जाण्याचा धोका असतो. आराखड्यात ट्यूब-बंडल ओढून काढायला समोर त्याच्या लांबीइतकी, म्हणजे इथे किमान 5 मीटर, मोकळी जागा राखा. उभारणीनंतर समोर खांब दिसला, तर इलाज उरत नाही.

किमतीसाठी जुने कोटेशन चालते. फक्त धातू, दाब आणि प्रकार तोच हवा. क्षेत्रफळाच्या गुणोत्तराचा 0.6 घात करा आणि त्या वर्षापासून किंमत निर्देशांक जितक्या पट झाला, त्याने गुणा. दुप्पट क्षेत्रफळाला किंमत साधारण दीडपट पडते. हा नियम पहिल्या अंदाजापुरताच. द्रवप्रक्रिया कारखान्यांसाठीचा 4.74 हा लँग गुणक (सगळ्या उपकरणांच्या किमतीला गुणायचा आकडा) संपूर्ण कारखान्याच्या भांडवली खर्चाचा आहे. एकट्या एक्स्चेंजरला लावू नका. पाया, पाइपिंग, व्हॉल्व्ह, इन्सुलेशन वेगळे मोजा. चालवण्याचा खर्चही याच कागदावर मांडा: वर दिलेल्या पाण्याला 50 किलोपास्कल जादा दाबऱ्हास, पंपाची कार्यक्षमता 65 टक्के आणि वर्षाला 8,000 तास धरले, तर सुमारे 7,200 युनिट वीज जास्त जाते.