सांब्र्याहून (बेळगाव विमानतळावरून) विमानाने जाताना खिशातला चाकू

घडीचा चाकू घेताना पातं 6-7 सेंटीमीटरचं पुरे. आंबा, सुतळी, खोकी सगळं निघतं. उघडून पातं आडवं हलवा. डुगडुगलं किंवा लॉक न दाबता मिटलं तर नको, बोटावर येतं. खानापूर, चंदगडकडच्या पावसात साधं पोलाद लगेच गंजतं, म्हणून स्टेनलेसच बरं.

विमानात चाकू फक्त चेक-इन बॅगेत, मिटवून, जाड कापडात गुंडाळून. हातातल्या बॅगेत किल्ल्यांच्या जुडग्यातला बारका चाकूसुद्धा चालत नाही, सुरक्षा तपासणीत तो सोडावा लागतो. पॉवर बँकचं नेमकं उलटं: ती हातातच हवी, त्यामुळे दोन्ही एका पाऊचमध्ये ठेवू नका. चेक-इन सामान नसेल तर चाकू सरळ घरीच ठेवा.